बिग थॉम्पसनच्या दरीत दोन आज्या



लेकीकडे अमेरिकेला गेले की तुम्ही सगळ्या विचारता, "काय काय पाहिलंत?" आणि त्याच्या पाठोपाठ खरा प्रश्न येतो, "खाण्यापिण्याचं कसं केलंत?" यावेळी दोन्हीची उत्तरं एकत्रच लिहिते, कारण ती वेगळी करताच येत नाहीत. आणि शेवटी एक तिसरीच गोष्ट आहे. तिचं उत्तर आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

लेक आणि जावई कोलोराडोत डेन्व्हरजवळ राहतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी डोंगरातलं एक लाकडी घर सहा दिवसांसाठी भाड्याने घेतलं. तिकडे त्याला केबिन म्हणतात. आषाढातल्या अष्टाह्निकेच्या आत घरी परतायचं ही आमच्या विहीणबाईंची अट होती. हो, विहीणबाईही होत्या. त्या कोल्हापूरच्या, मी सांगलीची. नातू अकरा वर्षांचा. तो आम्हाला 'कोल्हापूरची आजी' आणि 'सांगलीची आजी' म्हणतो. विहीणबाईंचा रात्रिभोजनत्याग पक्का, चारही आहारांचा, म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. माझं पाणी चालतं. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून सांगून ठेवते.

लव्हलँड नावाच्या गावापासून एस्टेस पार्कपर्यंत ३४ नंबरचा हमरस्ता बिग थॉम्पसन नदीच्या काठाकाठाने जातो. दरी म्हणजे आपल्या आंबा घाटातल्यासारखी खाली पसरलेली नव्हे. इथे दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये नदी आणि रस्ता, बस्स. काही ठिकाणी एवढी अरुंद की मान वर केल्याशिवाय आकाश दिसत नाही. आमची केबिन या दरीतच, नदीपासून पन्नास-साठ पावलांवर. रात्रभर पाण्याचा आवाज. जूनमध्ये वरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळे नदी भरलेली आणि अंगात आल्यासारखी.

रस्त्याच्या कडेला जागोजागी पाट्या आहेत: पूर आला तर वर चढा. मी लेकीला विचारलं, एवढ्या पाट्या कशासाठी? तिने सांगितलं ते ऐकून मी पहिल्या रात्री बराच वेळ जागी होते. ३१ जुलै १९७६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी कोलोराडो राज्याला शंभर वर्षं पूर्ण होणार, सुट्टीचा शनिवार, दरी माणसांनी भरलेली. वरच्या बाजूला वादळ एकाच जागी थांबलं आणि काही तासांत काही ठिकाणी बारा इंचांच्या आसपास पाऊस पडला. पाणी या चिंचोळ्या दरीतून भिंतीसारखं आलं. १४४ माणसं गेली. पुष्कळ जणांनी गाडीतून खाली पळून जायचा प्रयत्न केला, आणि पाणी गाडीपेक्षा वेगवान होतं. जे गाडी सोडून बाजूचा डोंगर चढले त्यांच्यातले बरेच वाचले. म्हणून त्या पाट्या. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा पूर आला आणि हा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला.

आम्ही सांगलीकर. २०१९ चा ऑगस्ट आपल्यातल्या कोणाला विसरता येईल? पण कृष्णा चढते ती सांगून चढते. आज आयर्विन पुलाला किती फूट, उद्या किती, असं विचारत विचारत आपण सामान माळ्यावर टाकतो. इथे तेवढी सवड नाही. मी जावयांना सांगितलं, कुठल्या बाजूने वर चढायचं ते आधी दाखवा. त्यांनी केबिनच्या मागची पायवाट दाखवली. विहीणबाईंनी चपला दारातच ठेवल्या आणि नमोकार म्हणून झोपल्या. त्यांना झोप पटकन लागते.

आता स्वयंपाक. भाड्याच्या घरातल्या भांड्यांत काय काय शिजलं असेल याचा विचार नको, म्हणून कुकर, तवा, कढई, पोळपाट-लाटणं आणि दोन पातेली आम्ही घरूनच नेली. गाडीत जागा होती. ज्यांना विमानाने जायचंय त्यांनी निदान कुकर न्यावाच, आणि त्याचं कारण केवळ शुद्धतेचं नाही. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं. एस्टेस पार्क साडेसात हजार फुटांवर आहे, तिथे साधारण ९२-९३ अंशांवरच उकळी फुटते. भांड्यात बुडबुडे येतात, पण तूरडाळ मात्र शिजत नाही, दाणा दाणा वेगळा राहतो. कुकरमध्येही दोन शिट्ट्या जास्त लागल्या. पिण्याचं पाणी आम्ही दुपदरी फडक्याने गाळून उकळून घेत होतो, ते मी थोडा जास्त वेळ उकळत ठेवायची. नळाचं पाणी बोअरचं होतं. विहीणबाईंनी विचारलं, मग जीवाणी परत कुठे सोडायची? ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात सोडायचे हा नियम, आणि बोअरमध्ये कसं सोडणार? हा प्रश्न कोल्हापुरातल्या फ्लॅटमध्येही आहेच म्हणा.

नेलेल्या पदार्थांत दशम्या, मेतकूट, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण नसलेलं भडंग आणि वाळवलेली कैरी. भाजीला दोडका, काकडी, कच्ची केळी, कोबी. यावर सहा दिवस आरामात निघाले.

सूर्यास्ताचा मात्र घोळ झाला. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री साडेआठला मावळतो. सांगलीत सात-सव्वासातला मावळतो, म्हणजे आपल्या दृष्टीने तो देश फार सोयीचा! पण दरीत सहा वाजायच्या आतच सूर्य कड्यामागे जातो. पहिल्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "ताई, सूर्य गेला. आता मला काही वाढू नका." पोळ्या अजून तव्यावर. जावयांनी त्यांना बाहेर नेऊन समोरचा सुळका दाखवला. त्यावर अजून पिवळंधमक ऊन होतं. "आई, सूर्य मावळला नाही, आपण त्याच्या आड आलोय," ते म्हणाले. बऱ्याच चर्चेनंतर ठरलं की वेळ पंचांगाप्रमाणे धरायची, आणि त्याच्याही दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं, ताट उचलायचं. सात-सव्वासातला आमची जेवणं उरकलेली असायची. शिवाय रोज जेवण झाल्यावर विहीणबाई बाहेर जाऊन त्या सुळक्यावरचं ऊन एकदा बघून यायच्या, ते वेगळंच.

आता फिरणं. केबिनपासून एस्टेस पार्क गाव जवळ आणि त्याला लागूनच रॉकी माउंटन नॅशनल पार्क. १९१५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. उन्हाळ्यात आत जायला वेळ नोंदवून पास काढावा लागतो, तो आधीच काढून ठेवा. बेअर लेकच्या बाजूचा पास वेगळा असतो आणि तो लवकर संपतो. आमचे पास लेकीने महिनाभर आधी घेतले होते.

पहिल्या दिवशी गुडघ्यांचा विचार करून स्प्रेग लेक. सपाट वाट, अर्ध्या मैलाचा फेरा, चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल अशी. समोर बर्फाचे डोंगर आणि त्यांचं पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. शांतिनाथांच्या मंदिरात पहाटे कोणी नसताना जसं बसावंसं वाटतं तसं तिथे वाटलं. हे तळं नैसर्गिक नाही. एब्नर स्प्रेग नावाच्या गृहस्थाचं तिथे पाहुण्यांसाठी राहायचं घर होतं, त्या पाहुण्यांना मासे धरता यावेत म्हणून त्याने ओढा अडवून हे तळं केलं. नातवाने पाटी वाचून हे सांगितलं तेव्हा विहीणबाई बाकावरून उठल्या. मी म्हटलं, "अहो, बसा, तळ्याचा काय दोष?" त्या बसल्या, पण जपमाळ पिशवीत ठेवून.

बेअर लेक साडेनऊ हजार फुटांवर. तळ्याभोवतीचा फेरा पाऊण-एक मैलाचा, पण चढउतार आहेत. जूनच्या शेवटीही सावलीत बर्फ होतं. तिथून अल्बर्टा धबधब्याकडे वाट जाते. लेक, जावई आणि नातू गेले, आम्ही दोघी बाकावर.

तिथेच एक प्रसंग घडला. खारीसारखे छोटे पट्टेवाले प्राणी येतात, चिपमंक म्हणतात त्यांना. माणसाळलेले, अगदी पायाशी येऊन उभे राहतात, पुढचे दोन पाय जोडून. विहीणबाईंचा हात आपोआप भडंगाच्या पिशवीत गेला. आपण लहानपणापासून पाखरांना दाणे, मुंग्यांना साखर-पीठ घालत आलो. जीवदया म्हणजे हेच असं डोक्यात. पण तिथे पाटी आहे की प्राण्यांना काहीही खायला घालायचं नाही, तो गुन्हा आहे. विहीणबाई म्हणाल्या, "मुक्या जीवाला दाणा द्यायला गुन्हा? काय देश आहे!" मलाही आधी तसंच वाटलं. मग तिथल्या गणवेशातल्या मुलीशी लेकीने बोलून आम्हाला समजावलं. माणसांच्या खाण्याची चटक लागली की हे प्राणी हिवाळ्याची बेगमी करायचं सोडून वाहनतळावर येऊन बसतात, गाड्यांखाली जातात. अस्वलांचं तर याहून वाईट, एकदा माणसाच्या अन्नाची सवय झाली की ते धोकादायक ठरतं आणि पुष्कळदा मारलं जातं. म्हणून केबिनमध्येसुद्धा रात्री कचरा बाहेर ठेवायचा नाही, गाडीत खाऊ ठेवायचा नाही. विहीणबाईंनी मूठ परत पिशवीत सोडली. तो चिपमंक बराच वेळ हात जोडून उभा होता. दाणा न देणं त्यांना जड गेलं, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी ट्रेल रिज रोड. माझ्या मते या सगळ्या भागात पाहायची एकच गोष्ट असेल तर ही. ४८ मैलांचा रस्ता, सगळ्यात उंच जागा १२,१८३ फूट, आणि साधारण मेअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा. बाकी वेळ बर्फाखाली. कळसूबाई ५,४०० फूट आहे, म्हणजे दोन कळसूबाया एकमेकींच्या डोक्यावर ठेवल्या तरी हा रस्ता वर. सकाळी साडेसहाला निघालो, कारण दुपारनंतर तिथे विजा पडतात आणि झाड एकही नसल्यामुळे माणूसच सगळ्यात उंच ठरतो. दुसरं कारण विहीणबाईंचं पाणी. उंचीवर अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, डोकं दुखतं. संध्याकाळनंतर त्या पिणार नाहीत, तर दिवसा पुरेसं प्यायला हवं. जावई दर वीस मिनिटांनी बाटली पुढे करत होते. तरी अकरा हजार फुटांच्या वर त्यांचं डोकं दुखायला लागलंच. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं, आणि मळमळायला लागलं तर थांबून राहू नये, सरळ खाली उतरावं.

वर गेल्यावर भडंगाची पिशवी उशीसारखी फुगली, फुटेल की काय असं वाटलं. तेच हवेच्या दाबाचं कारण. नातवाला त्याची फार मजा वाटली, त्याने फोटो काढून मित्राला दाखवायला ठेवला.

एका उंचीनंतर झाडं संपतात. मग टुंड्रा. जमिनीला चिकटून असलेलं गवत, शेवाळ आणि बोटाच्या नखाएवढी फुलं, जांभळी, पांढरी, पिवळी. पाटी सांगते की वाट सोडू नका. इथे वर्षातले काही आठवडेच झाडाला वाढता येतं, त्यामुळे तळहाताएवढा फुलांचा गुच्छ व्हायला कितीतरी वर्षं लागतात आणि तुडवलेली जागा भरून यायला पिढ्या जातात. लोक वाटेच्या कडेकडेने जपून चालत होते, लहान मुलंसुद्धा. आपल्याकडे ईर्यासमिती मुनिमहाराजांसाठी, चार हात पुढची जमीन बघत चालायचं. वनस्पतिकायाच्या एकेंद्रिय जीवाला दुखवू नये म्हणून. इथे पाऊल कुठे पडतंय ते सगळेच बघत होते. विहीणबाईंचं डोकं दुखत होतं तरी त्या चालल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "इथली माणसं बरी आहेत हो."

दगडांतून एक उंदराएवढा, बिनशेपटीचा, गोल कानांचा प्राणी तोंडात गवताचा भारा घेऊन धावताना दिसला. पिका. तो हिवाळ्यात झोपून राहत नाही, म्हणून उन्हाळाभर गवत वाळवून दगडांखाली साठवतो. "परिग्रह," विहीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आपण माळ्यावर ठेवतो त्या मानाने काहीच नाही."

फॉरेस्ट कॅनियन नावाच्या कठड्यावरून खाली खोल दरी दिसते. जावई म्हणाले, बिग थॉम्पसन नदी इथूनच निघते, आपल्या केबिनपाशी जी वाहते तीच. अजून थोडं पुढे मिल्नर पास, १०,७५८ फूट. इथे पाण्याची वाटणी होते. एका बाजूचं पाणी अटलांटिककडे जायला निघतं, दुसऱ्या बाजूचं पॅसिफिककडे. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते तसंच. गंमत म्हणजे माणसाने ही वाटणीही मोडली आहे. डोंगराच्या पोटातून तेरा मैलांचा बोगदा काढून पश्चिमेचं पाणी पूर्वेला एस्टेसच्या तलावात आणलंय.

परत येताना अल्युव्हियल फॅनपाशी थांबलो. १५ जुलै १९८२ ला वरचा एक जुना मातीचा बांध फुटला, त्या लोंढ्याने आणलेले मोटारीएवढे दगड अजून तिथे पडलेत. तीन माणसं दगावली होती. मुलं त्या दगडांवर खेळत होती.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. विहीणबाईंचं एकासन, म्हणून लांब कुठे नाही. लिली लेकला जाऊन सपाट वाटेवर एक फेरा मारला आणि दुपारी एस्टेस गावात गेलो. गावातल्या दुकानांत वाळवलेलं मांस आणि चामड्याच्या वस्तू फार, आम्ही पटकन बाहेर आलो. पण बाहेर हिरवळीवर एल्क बसलेले. सांबराचा मोठा भाऊ म्हणा. शिंगांवर मखमलीसारखी लव. एकेकाळी इथले एल्क शिकार करून करून संपले होते, मग १९१३-१४ साली यलोस्टोनहून आणून सोडले, त्यांची ही संतती. पंचाहत्तर फुटांच्या आत जायचं नाही असा नियम आहे. जूनमध्ये पिल्लं असतात, आया अंगावर येतात.

आता ती तिसरी गोष्ट.

शेजारच्या केबिनमध्ये नातवाच्या शाळेतल्या मित्राचं कुटुंब होतं, ठरवूनच दोन्ही घरं घेतली होती. माणसं फार चांगली. आमच्यासमोर त्यांनी बाहेरच्या शेगडीवर मांस भाजलं नाही, आपणहून. संध्याकाळी शेकोटीवर मार्शमॅलो भाजायचे तर मित्राच्या आईने जिलेटिन नसलेले आणले होते. (मैत्रिणींनो, साध्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. पाकीट वाचा.) तेही साडेसहाला, उजेडात, म्हणजे आमच्या नियमात बसावं म्हणून. आणि मित्राच्या वडिलांना मासे धरायचा नाद. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते दोन मुलांसाठी दोन काठ्या घेऊन आले. उद्या सकाळी नदीवर जाऊ.

नातू आमच्याकडे आला. "आजी, मारायचा नाहीये. धरायचा आणि सोडून द्यायचा. इथे बऱ्याच ठिकाणी तोच नियम आहे. मग हिंसा कुठे झाली?"

विहीणबाई म्हणाल्या, "नाही म्हणजे नाही."

तो काही बोलला नाही, आत गेला. लेक भांडी पुसत होती. मी मदतीला गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला माहीत नाही. वाढदिवसाच्या पार्टीत पिझ्झा आला की हा विचारतो त्यात काय आहे. शाळेच्या सहलीला वेगळा डबा. रात्री मित्राकडे राहायला गेला तर सातनंतर काही खात नाही, ते तोच सांगतो, मी सांगत नाही. प्रत्येक ठिकाणी 'नको' म्हणणारा मुलगा हाच. मला भीती ही वाटते की एक दिवस तो सगळंच एकदम सोडून देईल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हे ती मला फोनवर कधी बोलली नव्हती. सांगलीत बसून आपल्याला वाटतं, मुलं पाठशाळेचा ऑनलाइन वर्ग करतात, पाठ म्हणून दाखवतात, छान चाललंय.

मी नातवापाशी जाऊन बसले. हो किंवा नाही न सांगता विचारलं, मासा किती इंद्रियांचा? तो म्हणाला, पंचेंद्रिय, जलचर तिर्यंच. मग गळ कुठे लागतो? तोंडात. त्याने आपल्या ओठाला हात लावला. मी एवढंच म्हटलं, "तुझ्या मित्राच्या बाबांनाच विचार, त्याला दुखतं का. ते रोज बघतात. मी तर कधी पाहिलंच नाही."

तो लगेच गेला. ते गृहस्थ खरं बोलले. म्हणाले, मला वाटतं त्याला काहीतरी होतं, म्हणूनच मी गळाचा उलटा दात काढून टाकतो, म्हणजे लवकर सुटतो. पण हो, तो तडफडतो.

सकाळी नातू नदीवर गेला. काठी घेतली नाही. जाळी घेतली. मित्राच्या वडिलांनी त्याला सोडायचं काम दिलं. ते काम कसं असतं ते त्यानेच आम्हाला येऊन सांगितलं: हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो. पाण्याबाहेर शक्य तितकं कमी ठेवायचं. सोडताना तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला धरायचं आणि तो आपणहून निघेपर्यंत हात आधाराला ठेवायचे. चार ट्राउट सोडले. शेवटचा बराच वेळ हातातच राहिला, हलेना. "आजी, मी नमोकार म्हटला. मग गेला."

विहीणबाईंना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही सारखे. तू धरला नाहीस, पण जाळी धरून बरोबर उभा राहिलास, म्हणजे मान्यता दिलीस. तुझ्याशिवाय त्यांनी कदाचित एखादा कमी धरला असता. माझं म्हणणं, तो तिथे नसता तर ते चार मासे तसेही धरले गेले असते, आणि याच्या हातून अनुकंपा घडली. ही त्या मुलाची स्वतःची वाट आहे, आपण घालून दिलेली नाही. "ताई, वाट म्हणून प्रत्येक पळवाटेला फुलं वाहू नका," विहीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही चिपमंकला दाणा दिला नाहीत, तेही दयाच होती की." त्यावर त्या गप्प बसल्या, पण मान्य केलं असं नाही. जावई मधे पडले नाहीत, हुशार आहेत.

लेकीने मात्र त्या दिवशी दोघींना ऐकून घेतल्यावर एक विचारलं, आणि ते मला अजून सुटलेलं नाही. "पुढच्या वर्षी तो काठी मागणार नाही असं तुम्हा दोघींपैकी कोणी सांगू शकेल?"

निघायच्या दिवशी सकाळी नातू आणि विहीणबाई दोघंच नदीवर गेले होते. मी खिडकीतून पाहिलं, काठावरच्या खडकावर बसले होते, तो पाण्यात बोट दाखवून काहीतरी सांगत होता आणि त्या वाकून बघत होत्या. कुठे मासा दडतो ते दाखवत होता, असं नंतर कळलं. विहीणबाईंना दोन दिसले. मग आम्ही कुकर पुसून खोक्यात घातला, कचरा गाडीत घेतला आणि सातच्या आत दरीतून खाली उतरलो. दशलक्षण पर्व झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, एल्कच्या नरांची साद ऐकायला परत यायचं असं जावयांचं चाललंय. त्या दिवसांत ते शीळ घातल्यासारखे ओरडतात आणि सगळी दरी दुमदुमते म्हणे. तेव्हा सूर्य सातच्या सुमाराला मावळेल, म्हणजे जेवणं सहालाच आवरावी लागतील. विहीणबाईंनी पंचांग बघून ठेवलंय.